आभारप्रदर्शन करू नये

यॉर्कशायर, १४ जानेवारी २०२५

प्रिय चिंताकाका,

आज संक्रांत. तिळगूळ इथून पाठवता येत नाही, तेव्हा गोड बोलण्यावर भागवून घ्या.

फोनवर आपलं काही खरं नाही, हे आता दोघांनीही मान्य करू. परवा मी तीनदा विचारलं की काकू कशी आहे, आणि तिन्ही वेळा तुम्ही मला अंबरनाथला थंडी कशी पडली आहे ते सांगितलंत. त्यापेक्षा पत्र बरं. मी टाइप करून पाठवते, तुम्ही नाक्यावर मोठ्या अक्षरांत छापून घ्या. उत्तर हाताने लिहा आणि फोटो काढून पाठवा. तुमचं अक्षर मला लागतं. सुट्टीत उल्हासनगरहून तुमच्याकडे राहायला आले की तुमचे शिफ्टचे रिपोर्ट फेअर करून द्यायला मीच असायचे.

एक नवीन गोष्ट सांगायची आहे, हसू नका. गेले तीन महिने मी दर रविवारी एका ठिकाणी जाऊन तासभर गप्प बसते. हे क्वेकर लोक आहेत. ख्रिस्ती परंपरेतलेच, पण इथल्या त्यांच्या उपासनेत धर्मगुरू नाही, वेदी नाही, गाणं नाही, घंटासुद्धा नाही. एक जुनी दगडी खोली, गोल मांडलेले बाक आणि पंचवीस-तीस माणसं. सगळे येतात आणि बसतात. बस्स. कोणाला आतून अगदी राहवलंच नाही तर तो उभा राहून चार वाक्यं बोलतो आणि बसतो. त्याला कोणी उत्तर देत नाही, मान डोलवत नाही, वाद घालत नाही. त्याचं बोलणं सगळे थोडा वेळ नुसतं ठेवून घेतात. तासाभराने दोन वडीलधारी माणसं एकमेकांशी हात मिळवतात, मग प्रत्येकजण शेजाऱ्याशी मिळवतो. बैठक संपली.

हॉस्पिटलच्या फार्मसीत दिवसभर खिडकीतून बोलून माझा घसा सुकतो आणि घरी आल्यावर बोलायला कोणी नसतं. मी तिथे पहिल्यांदा गेले ती खरं सांगायचं तर एकटेपणाला कंटाळून. आता त्या एका तासासाठी आठवडा काढते.

काही वयस्कर लोक घरून, संगणकावरून बसतात. ती व्यवस्था आता माझ्याकडे आहे. तुमच्याकडे तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात. काकूला आणि तुम्हाला यायचं आहे का? तिथे कोणालाच बोलायचं नसतं, म्हणून विचारते.

तुमची,
वैदेही

*

अंबरनाथ पूर्व, २२ जानेवारी

वैदेही बाळा, आशीर्वाद.

तू गप्प बसतेस, आणि त्यासाठी थंडीत बस पकडून लांब जातेस, हे वाचून मला गंमत वाटली. लहानपणी तुला पाच मिनिटं गप्प बसवायला तुझ्या बापाला उल्हासनगरच्या कॅम्प एकच्या बाजारातून जिलेबी आणावी लागायची.

काकूबद्दल विचारलंस. प्रकृती ठीक. गोळ्या वेळेवर, रक्तदाब ताब्यात. पाय बऱ्यापैकी चालतो, उजवा हात नाही. बोलण्याचं मात्र जिथल्या तिथे आहे. झटका आला त्या सकाळी ती डबा घेऊन गिरणीत निघाली होती, मला म्हणाली, "दळण टाकून येते," आणि दारातच बसली. त्यातला तेवढा एक शब्द शिल्लक राहिला. पाणी हवं असलं तरी दळण, टीव्ही बंद कर सांगायचं असलं तरी दळण. आत सगळं समजतं, कळतं, आठवतं. बाहेर तेवढंच येतं. स्पीच थेरपीवाली म्हणते वेळ लागेल. आठ महिने तेच म्हणते आहे.

ज्या बाईने एकोणतीस वर्षं कॅम्प एकच्या शाळेत सिंधी मुलांना मराठी शिकवलं, जिचा आवाज माइकशिवाय तिसऱ्या मजल्यावर जायचा, तिच्या वाट्याला हे यावं. जाऊ दे.

आनंदाची बातमी अशी की आमच्या सोहमचं लग्न जमलं. मुलगी किर्ती, बदलापूरची, त्याच्याच ऑफिसात आहे. घरची शेती होती, आता अर्ध्या जागेवर बिल्डिंग उभी आहे. माणसं मोकळी. घर पाहायला आले तेव्हा किर्तीचा मामा संतोष काकूच्या पायाशी बसून म्हणाला, "काकी, बऱ्या आहात ना?" ती म्हणाली, "दळण." तो बिचारा उठलाच. "डबा द्या काकी, आत्ता आणतो दळून, गाडी खालीच हाय." मनात काही नव्हतं त्याच्या. पण सगळे हसले. मीही हसलो असेन. काकू उठून आत गेली ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही. त्यानंतर कोणीही आलं की आतच. मी सांगतो, झोपली आहे.

साखरपुडा एक मेला आहे, बदलापूरला. तोवर काहीतरी सुधारेल या आशेवर आहे.

तुझ्या त्या बैठकीला येऊन बघू. मी छत्तीस वर्षं कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपमध्ये काढली आहेत, तास दीड तास बसणं मला कठीण नाही. बसायचं तेवढंच ना?

चिंताकाका

*

यॉर्कशायर, ३ फेब्रुवारी

प्रिय चिंताकाका,

काल तुम्ही जे केलंत त्यावर इथे आज सकाळपर्यंत चर्चा चालू आहे. घाबरू नका, चांगली चर्चा.

आधी काय झालं ते सांगते, कारण तुमच्या कानांपर्यंत ते पोचलं असेल याची मला खात्री नाही. अर्धा तास शांततेत गेला. मग आमच्या डोरोथीबाई उभ्या राहिल्या. त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्या बागेत बर्फातून एक फूल वर आलं आहे, इतकंच त्या बोलल्या आणि बसल्या. मग जशी असते तशी शांतता. आणि साधारण दोन मिनिटांनी भिंतीवरच्या पडद्यातून तुमचा आवाज आला. "रिस्पेक्टेड मॅडम, ऑन बिहाफ ऑफ ऑल ऑफ अस."

काका, तुम्ही आभारप्रदर्शन केलंत. डोरोथीबाईंचे आभार मानलेत, आयोजकांचे मानलेत, जागेचे मानलेत, "ज्ञात-अज्ञात हातांचे" भाषांतर करून मानलेत. चहाची सोय केल्याबद्दलही मानलेत, जो अजून कोणी प्यायला नव्हता. आणि वीजपुरवठा खंडित न झाल्याबद्दल वीज मंडळाचे.

मी मान खाली घालून बसले होते. मला वाटलं आता कोणीतरी खुसखुसेल. पण कोणी हललं नाही. तुमचं बोलणंही त्यांनी तसंच ठेवून घेतलं, जसं फुलाचं ठेवलं होतं. नंतर चहाच्या वेळी एक गृहस्थ मला म्हणाले की गेली वीस वर्षं मी या खोलीत दिवे लागलेले पाहतो, ते कोण लावतं याचा विचार कधी केला नव्हता.

तरी एक विनंती. बोलून झाल्यावर आभार मानायचे नसतात. माणूस बोलला आणि आपण ऐकलं, एवढंच.

तुम्ही एकटेच दिसलात. काकू?

वैदेही

*

अंबरनाथ पूर्व, १२ फेब्रुवारी

वैदेही,

वाचून कानशिलं तापली. मला त्या बाई नुसत्या उभ्या राहिलेल्या आणि ओठ हलवताना दिसल्या. कानातली मशिनं लावली होती, पण संगणकाच्या आवाजात ती कामाची नाहीत. बाई बसल्या आणि एक माणूस हूं की चूं करेना. एवढ्या वयाची बाई उभी राहून बोलते आणि कोणी दोन शब्द बोलायला तयार नाही, मला त्यांच्या जागी लाज वाटली. सोसायटीचा गणपती असो, नाही तर युनियनची सभा, शेवटी आभार मीच मानत आलो आहे. कोणी मानत नाही असं दिसलं की माझ्या पायाला मुंग्या येतात. असो. ज्ञात-अज्ञात हात आता बंद.

काकू आली. म्हणजे त्या रविवारी ती दाराच्या आडून बघत होती, मला नंतर कळलं. परवाच्या रविवारी मी चार वाजता संगणक उघडला आणि ती पदर सारखा करून माझ्या शेजारी येऊन बसली. मी काही बोललो नाही. मला न बोलता येतं, तुला वाटत नसेल तरी.

तासभर बसली. घरी थेरपीवालीसमोर ती वीस मिनिटांत घामाघूम होते, कारण तिथे दर मिनिटाला तिला काहीतरी म्हणायचं असतं आणि ते येत नाही. इथे पडद्यावर तीस माणसं आणि एकालाही काही म्हणायचं नाही. तिचा चेहरा कसा झाला सांगू, शाळेची पहिली घंटा होऊन सगळी मुलं जागेवर बसली की व्हायचा तसा. तुझ्या त्या लोकांना माझा नमस्कार सांग. देवाधर्माचं त्यांचं काय असेल ते असो, पण माणसाला न बोलता बसवून घेणं ही साधी गोष्ट नाही. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा आधी बोलतो आणि मग बसतो.

शेवटी तुमची माणसं पडद्यावर हात हलवतात तेव्हा मी नमस्कार करतो. ती करत नाही. एका हाताने नमस्कार होत नाही ना. उजवा हात ती पदराखाली ठेवते आणि डावा पुढे करायचा नाही हे तिच्या हाडात आहे. प्रसादसुद्धा डाव्या हाताने घ्यावा लागतो म्हणून ती देवळात येत नाही.

आता माझं एक सांगतो, कोणाला सांगितलेलं नाही. लोक म्हणतात चिंतामणी फार बोलतो. प्रेस शॉपमध्ये दर चार सेकंदांनी ठोका पडायचा. शुक्रवारी एमआयडीसी बंद, त्या दिवशी घरी बसलो की कानात बारीक शिट्टी सुरू व्हायची. रिटायर झाल्यापासून ती थांबलेलीच नाही. मी बोलत असलो की ती ऐकू येत नाही. गप्प बसलो की येते. म्हणून तुझी शांतता म्हणजे माझ्यासाठी तासभर शिट्टी आहे. तरी बसतो. ती बसते म्हणून.

चिंताकाका

*

यॉर्कशायर, ७ एप्रिल

प्रिय काका,

दोन महिने आपण पत्र लिहिलं नाही आणि मला ते जाणवलंही नाही, कारण दर रविवारी तुम्ही दोघं भिंतीवर असता. शिट्टीचं वाचलं. तुम्ही इतके रविवार ती ऐकत बसलात. मी फक्त शांतता ऐकत होते, मला कसली शाबासकी.

एक रविवार माझ्यामुळे वाया गेला, त्याबद्दल माफी. मार्चअखेरीला आमची घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणजे तुमच्याकडे बैठक तीनलाच सुरू होते, ते कळवायचं राहिलं. तुम्ही चार वाजता आलात तेव्हा आम्ही बशा विसळत होतो.

आता मुद्द्याचं. घरून बसणाऱ्यांनी माइक बंद ठेवायचा असा आमचा नियम होता. डोरोथीबाईंना तो पटत नव्हता. त्यांचं म्हणणं, खोलीतली शांतता मुकी नसते. शेगडी कुरकुरते, कोणाचं पोट वाजतं, बाक करकरतो, त्यावरून कळतं की आपण एकत्र आहोत. आणि माइक बंद केलेली शांतता नुसतीच बंद असते. बरीच चर्चा झाली, मतदान आम्ही करत नाही, आणि ठरलं की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांचे माइक उघडे ठेवायचे. माझी त्यात वेगळीच पंचाईत झाली. संगणक असले बारीक आवाज गोंगाट समजून पुसून टाकतो. ते पुसणं बंद कसं करायचं हे शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

काल तो पहिला रविवार होता. कोणाकडचं घड्याळ, कोणाकडची मांजर, एका आजोबांचा श्वास, असं सगळं खोलीत आलं. फार छान वाटलं. फक्त एका चौकटीवर माइक बंद असल्याची लाल खूण दिसत होती. तुमच्या.

सुरुवातीला उघडा होता. तीन वाजून दहा मिनिटांनी काकूचे ओठ हलले आणि तुमचा हात पुढे आला. नंतर आणखी दोनदा ती काहीतरी म्हणाली. आम्हाला दिसलं, ऐकू आलं नाही.

रागावून विचारत नाही. पण विचारते.

वैदेही

*

अंबरनाथ पूर्व, १० एप्रिल

वैदेही,

हो. मीच बंद केला.

लपवून काय करू. ती "दळण" म्हणाली आणि माझा अंगठा आपोआप गेला. कारखान्यात कोणाचा हात प्रेसखाली दिसला की असाच जायचा, लाल बटणावर. मला वाटलं तुझे लोक काय म्हणतील. तुला माझ्याबद्दल काय वाटेल. मग वाटलं, संतोषमामासारखं कोणीतरी उठेल आणि ते सगळं परत होईल. मी तिला वाचवतो आहे असं मी स्वतःला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं. अडतीस वर्षांत तिने माझ्याकडे पुष्कळदा रागाने बघितलं आहे, त्याचं मला काही नाही. हे तसं नव्हतं. तिने बघितलं आणि मान वळवली.

पाहुणे आले की ती आत जाते असं मी तुला लिहिलं होतं. ते पूर्ण खरं नाही. पहिल्या दिवशी ती आपणहून गेली. पुढे बेल वाजली की दार मी लोटतो.

आता साखरपुड्याचं ऐक म्हणजे सगळंच होऊन जाईल. किर्तीची ओटी मुलाच्या आईने भरायची असते. मी तुझ्या आत्याला सांगून ठेवलं आहे की तू भर. काकूला मागच्या खोलीत खुर्ची टाकून देऊ, पंख्याखाली. दगदग सोसवत नाही अशी सबब आहे. सोहम माझ्याशी दोन दिवस बोललेला नाही. काकूला अजून सांगितलेलं नाही, पण तिला कळलं असावं, कारण मी हिरवी पैठणी कपाटातून काढून दाखवली तर तिने ती परत ठेवली.

तू म्हणशील काका असे नव्हते. खरंच नव्हतो का, मला माहीत नाही. एवढी वर्षं बोलत होतो, ऐकायला वेळ झाला नाही.

चिंताकाका

*

यॉर्कशायर, १३ एप्रिल, रविवार

प्रिय काका,

हे पत्र आजच छापून घ्या. आज बैठकीत काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, याची मला जवळजवळ खात्री आहे.

साडेतीनच्या सुमाराला तुम्ही उठून आत गेलात. चहा ठेवायला असेल. कानातली मशिनं टेबलावर काढून ठेवलेली मला दिसत होती. काकू एकटी राहिली. तिने डावा हात पदरातून बाहेर काढला, पुढे वाकली आणि एका बोटाने लाल खूण काढली. तुम्हाला इतक्या वेळा करताना तिने पाहिलं होतंच.

मग ती बोलली.

काका, ती दोन-अडीच मिनिटं बोलली. एकच शब्द. पण मी तिच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकलेल्या आहेत, मला ती चाल माहीत आहे. आधी हळू, सगळ्यांना जवळ बोलावून घेतल्यासारखं. मग तिने एक प्रश्न विचारला. थांबली. वर्गभर नजर फिरवावी तशी पडद्यावर फिरवली, आणि मग स्वतःच उत्तर दिलं. मध्ये एकदा आवाज भरून आला, तो तिने आवरला. शेवटी काहीतरी गमतीचं म्हणाली आणि स्वतःच जराशी हसली. मग मागे टेकून बसली.

त्या खोलीत तो शब्द समजणारी मी एकटी होते. आणि म्हणूनच पहिला मिनिटभर मला फक्त पिठाचा डबा दिसत होता. मला रडू येत होतं, ती बिचारी वाटत होती. बाकीच्यांना दळण म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. त्यांनी नुसतं काकूला ऐकलं. मला ते त्यांच्याकडे बघून जमलं.

नंतरची शांतता मी सहा महिन्यांत ऐकलेली सगळ्यात मोठी होती. पुढे कोणी उठलंच नाही. तुम्ही दोन कप घेऊन आलात आणि तिला कप दिलात, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

चहाच्या वेळी डोरोथीबाई माझ्याकडे आल्या. ती काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तुझी काकू शिक्षिका होती का?" मी हे इथे कधीही कोणाला सांगितलेलं नाही.

साखरपुड्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी लांब आहे आणि लहान आहे. पण मागच्या खोलीत पंखा आहे, हे कारण मला पुरत नाही.

तुमची,
वैदेही

*

अंबरनाथ पूर्व, ३ मे

वैदेही बाळा,

तुझं पत्र नाक्यावर उभ्याउभ्याच वाचलं. झेरॉक्सवाला म्हणाला, "अंकल, पानी पिओगे?" घरी येऊन काकूसमोर बसलो आणि विचारलं, "बोललीस?" ती म्हणाली, "दळण." आणि हसली. झटका आल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदा. मी विचारलं, पैठणी काढू का? तिने कपाटाकडे बोट केलं. डावं.

आता परवाचं सांगतो, अथपासून इतिपर्यंत, तू नव्हतीस म्हणून.

बदलापूरचा हॉल मोठा, माणसं दोनशेच्या वर, बँजोवाले वेगळे. काकू पहिल्या रांगेत बसली. ओटी काकूच भरेल हे आत्याला मी आधीच सांगितलं होतं, तरी ओटीच्या वेळी ती सवयीने पुढे झाली. काकू उठली. किर्तीने पदर पसरला आणि काकूने डाव्या हाताने तांदूळ, नारळ, सगळं तिच्या ओटीत घातलं. आत्या मला खुणावत होती, डावा हात, डावा हात. किर्तीची आजी गोजरबाई शेजारीच होती, नव्वदीची, गावच्या शेतावर अजून जाणारी. ती मोठ्याने म्हणाली असावी, कारण मलासुद्धा ऐकू आलं. "डावा काय नि उजवा काय, हात तं तिचाच हाय ना." विषय संपला.

अंगठ्या झाल्या. मग नेहमीप्रमाणे निवेदकाने माझं नाव पुकारलं. आभारप्रदर्शन. माझं तयार होतं, वीज मंडळ वगळून. स्टेजवर गेलो, माइक हातात घेतला आणि बघतो तर काकू माझ्यामागून पायऱ्या चढून आली होती. एक एक पायरी, सोहमचा हात धरून. तिने डावा हात पुढे केला. माइक मागत होती.

त्या माइकला मधोमध चालू-बंदचं एक सरकतं बटण असतं. मी माइक दिला, पण पूर्ण सोडला नाही. तिने तिकडून धरला होता, मी इकडून, आणि माझा अंगठा बटणावर होता. तू विचारशील म्हणून सांगतो, होता. तिने माझ्याकडे बघितलं. तेच बघणं, एप्रिलमधलं. या वेळी मान वळवली नाही. वाट बघत राहिली.

मी अंगठा काढला.

ती बोलली. मला शब्द ऐकू आला नाही, माझ्या कानात बँजोनंतरची शिट्टी चालू होती. पण मी तिच्या शेजारी उभा होतो आणि तिचा चेहरा बघत होतो. तू लिहिलंस तसंच. आधी जवळ बोलावणं, मग प्रश्न, मग थांबणं. तिने किर्तीकडे बघून काही सांगितलं, सोहमकडे बघून काही सांगितलं, संतोषमामाकडे बघून एक वाक्य म्हणाली, तेव्हा त्या गड्याने डोळ्यांना रुमाल लावला. माझ्याकडे बघूनही काहीतरी म्हणाली. ते काय होतं ते मला समजलं. ते तुला लिहिणार नाही.

मग तिने माइक खाली करून सोहमकडे दिला.

हॉल शांत होता की नाही हे मी ऐकून सांगू शकत नाही. दिसलं ते सांगतो. फोटोवाल्याने कॅमेरा छातीशी धरून ठेवला होता. वाढप्यांची रांग भांडी हातात घेऊन दारात थांबली होती. मागे दोन पोरं खुर्च्यांतून पळत होती, ती कोणी न दटावता उभी राहिली. गोजरबाईने डोळे मिटले होते. दोनशे माणसं, आणि कोणी उत्तर देत नव्हतं, कोणी टाळी वाजवत नव्हतं. त्यांना तुझ्या बैठकीची काही माहिती नाही, त्यांना कोणी शिकवलेलं नाही. तरी त्यांनी तिचं बोलणं ठेवून घेतलं. मी आमच्या माणसांना इतकी वर्षं ओळखतो असं समजत होतो.

आता हे संपवायचं कोणी, असा प्रश्न आला. सगळे माझ्याकडे बघत होते, आभार मानायचं काम माझं. तोंड उघडलं, आणि तुझं वाक्य आठवलं. तुमच्याकडे शेवट करणं हे वडीलधाऱ्यांचं काम असतं ना? तिथे आमच्याहून वडीलधारी गोजरबाईच होती, आणि तिने तर डोळे मिटले होते.

म्हणून मी काकूसमोर हात पुढे केला. डावा, कारण तिचा डावा. अडतीस वर्षं संसार केला, पण बायकोशी हात कधी मिळवला नव्हता, तसा प्रसंगच कधी येत नाही. तिने आधी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मिळवला. चांगला घट्ट.

मग सोहमने किर्तीशी मिळवला, खाली संतोषमामाने आत्याशी, आणि जेवणं सुरू झाली. आभारप्रदर्शन राहिलं ते राहिलंच.

उद्या रविवार. तीन वाजता आहोत. पहिला रविवार आहे, माइक उघडा असेल.

चिंताकाका